स्वसंरक्षणाचे नाणे पारखूनच घेतले पाहिजे

पोलीस चकमकींत होणाऱ्या मृत्यूंची चौकशी कशी व्हावी, याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी सोळा कलमांचा दंडक घालून दिला. ज्या याचिकांवर तो निवाडा झाला, त्या महाराष्ट्रातूनच गेलेल्या होत्या. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत झालेल्या सुमारे ९९ चकमकी आणि त्यांत मृत्यू पावलेली सुमारे १३५ माणसे हा त्यांचा विषय होता. या निवाड्यास बरोबर दहा वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, म्हणजे २३ सप्टेंबर २०२४ रोजी, बदलापूर येथील दोन बालिकांवरील अत्याचाराच्या प्रकरणातील आरोपी तळोजा कारागृहातून ठाण्याकडे नेला जात असता, मुंब्र्याजवळ, पोलिसांच्या गाडीतच पोलिसांच्या गोळीने ठार झाला. त्याने एका अधिकाऱ्याचे पिस्तूल हिसकावून गोळीबार केला व आम्ही स्वसंरक्षणार्थ प्रत्युत्तर दिले, असे पोलिसांनी सांगितले. लागलीच मुंबईत ‘बदला पूरा’ असे फलक झळकले आणि काही ठिकाणी पेढेही वाटले गेले.

ज्या कोवळ्या मुलींवर तो प्रसंग ओढवला, त्यांच्या दुःखाविषयी दुमत असण्याचे कारण नाही. लोकांचा संतापही अनाठायी नव्हता. परंतु फलक लावणाऱ्यांनी एक गोष्ट नकळत कबूल केली. पोलीस म्हणत होते की, हे स्वसंरक्षण आहे. फलक म्हणत होते की, हा सूड आहे. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. स्वसंरक्षण असेल तर त्यात सूड नाही, आणि सूड असेल तर तो कायद्याच्या भाषेत खून आहे. या दोहोंतील भेद पुसला गेला तर नुकसान नेमके कोणाचे होते, हा आजचा खरा प्रश्न आहे.

कायद्याची मर्यादा

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहावे. आत्मरक्षणाचा हक्क हा प्रत्येक नागरिकाचा आहे; पोलीस गणवेश चढवितो म्हणून तो त्याला गमावत नाही, आणि गणवेशामुळे तो वाढतही नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ९६ ते १०६ मध्ये असलेल्या या तरतुदी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये जवळपास जशाच्या तशा आल्या आहेत. त्यांचे सार थोडक्यात असे : धोका खरा वा वाजवी वाटावा असा आणि तात्कालिक असला पाहिजे; बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही; आणि धोका संपला की हक्कही संपतो. हल्लेखोर निःशस्त्र झाला, पालथा पडला, हात बांधून ताब्यात आला, की त्यानंतरची गोळी आत्मरक्षणाची राहत नाही.

अटकेच्या वेळी किती बळ वापरावे, याचाही नियम आहे. अटकेस विरोध करणाऱ्याला पकडण्यासाठी आवश्यक ते सर्व उपाय पोलिसांना योजता येतात. मात्र ज्याच्यावर देहान्त वा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा मृत्यू घडविण्याचा अधिकार या तरतुदीने मिळत नाही, असे कायदा स्पष्ट शब्दांत बजावतो. पुढील एका कलमात तर, पळून जाऊ नये यासाठी लागेल त्याहून अधिक बंधन अटक केलेल्या माणसावर घालू नये, असेही म्हटले आहे. हा उदारपणा स्वातंत्र्योत्तर काळातला आहे, अशी कोणाची समजूत असेल तर ती बरोबर नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, म्हणजे परक्या सरकारच्या अमदानीतच, हे निर्बंध होते. प्रजेचा विश्वास नसलेल्या राज्यकर्त्यांनीही जी मर्यादा कागदावर तरी मान्य केली, ती स्वतंत्र देशातील नागरिकांना आज नकोशी व्हावी, हे आश्चर्य आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. समोरून गोळी येत असता आपले बळ किती अंशांनी अधिक होते, हे पोलिसाने मोजत बसावे अशी अपेक्षा कायदा करीत नाही. संकटात सापडलेल्या माणसाचे कृत्य सोनाराच्या काट्यावर तोलता येत नाही, हे आपल्या न्यायालयांनी वारंवार मान्य केले आहे. हक्काच्या मर्यादेचे उल्लंघन सद्भावनेने झाले असेल, तर खुनाऐवजी सौम्य गुन्हा धरण्याचीही सोय आहे. थोडक्यात, प्रामाणिक पोलिसाला कायद्याने पुरेसे संरक्षण दिलेले आहे. त्याच्याकडून अपेक्षा एवढीच आहे की, जो अपवादाचा आधार घेतो त्याने तो अपवाद न्यायासनापुढे दाखवून द्यावा. पुरावा कायद्याचा हा नियम तुम्हांआम्हांलाही लागू आहे. घरात शिरलेल्या दरोडेखोराला ठार मारणाऱ्या शेतकऱ्यालाही ‘मी स्वतःला वाचविले’ हे कायद्यापुढे सांगावे लागते. तोच नियम सरकारी पिस्तुलाला का लागू नसावा?

‘चकमक’ या शब्दाची कहाणी

मराठीत चकमक म्हणजे गारगोटी. दोन बाजूंनी आघात झाल्यावाचून तिच्यातून ठिणगी पडत नाही. लढाईतील झटापटीला हा शब्द वापरला गेला तो याच अर्थाने. मुंबईत ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यास मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी ठार झाला. त्या घटनेला शहरातील पहिली गाजलेली चकमक म्हणतात. पुढे टोळीयुद्धाच्या काळात व्यापारी, बांधकाम व्यावसायिक आणि चित्रपटनिर्माते खंडणीच्या दहशतीखाली होते, हे खरे. त्या दहशतीचा बीमोड करताना काही पोलिसांनी प्राण पणाला लावले, हेही खरे. पण त्याच काळात ‘चकमक’ हा शब्द हळूहळू एकतर्फी झाला. कोणत्या अधिकाऱ्याच्या नावावर किती चकमकी, याची मोजदाद वृत्तपत्रे करू लागली. त्यांच्यावर चित्रपट निघाले. दोन गारगोट्यांपैकी एक कोठे होती, हे विचारण्याची सवय मात्र मोडली.

या सवयीचे फळ ११ नोव्हेंबर २००६ च्या घटनेत दिसते. रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया यास वाशीतून एका साथीदारासह उचलण्यात आले आणि त्याच सायंकाळी वर्सोव्यातील एका उद्यानाजवळ चकमकीत तो मारला गेल्याचे जाहीर झाले. त्याचा भाऊ वकील होता. त्याला पोलिसांनी उचलल्याचे कळताच भावाने वरिष्ठांकडे तारा व फॅक्स पाठविले. मृत्यूच्या आधीच्या वेळेची नोंद असलेले ते कागद पुढे पुरावा ठरले. बरोबर उचललेला माणूस हा महत्त्वाचा साक्षीदार होता. न्यायालयात त्याची साक्ष होण्यापूर्वी, २०११ साली, त्याचाच खून झाला. त्याच वर्षी या प्रकरणातील जामिनाचा निर्णय देताना, ‘वरिष्ठांचा हुकूम होता’ ही सबब चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. २०१३ साली सत्र न्यायालयाने एकवीस जणांना दोषी ठरविले. त्यांत तेरा पोलीस होते. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने, पूर्वी निर्दोष सुटलेल्या एका नामांकित माजी अधिकाऱ्यासही जन्मठेप सुनावली, आणि ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

मृत माणूस सज्जन होता, असे कोणी म्हणत नाही. पण भाऊ वकील नसता, त्याला तार कोणाला व कधी करावी हे कळले नसते, खटल्यामागे वर्षानुवर्षे धावण्याची त्याची ऐपत व जिद्द नसती, तर ही घटना आजही यशस्वी चकमकींच्या यादीत राहिली असती. गिरणगावातल्या, पारध्याच्या पालावरल्या, बिगारी नाक्यावरल्या किती कुटुंबांत असा भाऊ असतो?

खोटे नाणे खऱ्याला हुसकावते

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ग्रेशमचा सिद्धांत ठाऊक असतो. चांगले आणि हिणकस अशी दोन्ही नाणी एकाच दर्शनी मूल्याने स्वीकारावीत अशी सक्ती असेल, तर हिणकस नाणे चांगल्याला व्यवहारातून हुसकावून लावते. पोलिसी बळाच्या बाबतीत नेमके हेच घडते. खऱ्या झुंजीत जीव धोक्यात घालणाऱ्याचा दावा आणि हात बांधलेल्या माणसावर गोळी झाडणाऱ्याचा दावा, हे दोन्ही ‘स्वसंरक्षण’ याच छापाने बाजारात येतात. समाजाने दोन्ही न पारखता एकाच किमतीला घेतले, दोघांनाही सारख्याच टाळ्या दिल्या, तर व्यवहारात कोणते नाणे उरेल?

तपास हे कष्टाचे काम आहे. पंचनामा करणे, साक्षीदाराला धीर देणे, न्यायवैद्यक अहवालासाठी पाठपुरावा करणे, मुदतीत दोषारोपपत्र दाखल करणे, उलटतपासणीला तोंड देणे, यात वर्षे जातात आणि वृत्तपत्रात नावही छापून येत नाही. गोळीला काही क्षण पुरतात आणि दुसऱ्या दिवशी सत्कार होतो. श्रमाचा मोबदला शून्य आणि आडवाटेला बक्षीस, अशी रचना कोणत्याही खात्यात केली तर त्या खात्यात काय पिकेल, हे कारकुनालाही सांगता येईल. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या दंडकात, चकमकीनंतर लगेच शौर्यपदक वा बढती देऊ नये, अशी अट घातली ती याच विचाराने.

बदलापूरच्या प्रकरणाचीच सुरुवात आठवावी. तक्रार नोंदवून घेण्यास झालेल्या विलंबामुळे ऑगस्ट २०२४ मध्ये लोक रेल्वेमार्गावर उतरले होते, आणि उच्च न्यायालयानेही त्या विलंबावर कठोर ताशेरे ओढले होते. महिनाभरात आरोपीच नाहीसा झाला. त्याबरोबर खटल्यात त्याच्याविरुद्ध पुरावा तपासला जाण्याची, आणखी कोणाची हयगय होती ते उलटतपासणीत बाहेर येण्याची आणि त्या मुलींच्या आईबापांना न्यायालयाचा स्पष्ट निवाडा ऐकायला मिळण्याची संधीही गेली. गोळीने यंत्रणेची कसूर झाकली जाते, हा तिचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा उपयोग आहे.

पारख म्हणजे अपमान नव्हे

चौकशीची मागणी केली की, ‘पोलिसांचे मनोधैर्य खचेल’ असे ठराविक उत्तर मिळते. अनुभव याची साक्ष देत नाही. हैदराबादजवळ ६ डिसेंबर २०१९ रोजी एका तरुण पशुवैद्यक स्त्रीवरील बलात्कार व खुनाच्या प्रकरणातील चारही आरोपी पोलिसांनी मारले. त्या दिवशी लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या, न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २०२२ साली निष्कर्ष काढला की, गोळीबार मृत्यू घडविण्याच्या हेतूने झाला होता, मृतांपैकी तिघे अल्पवयीन होते आणि दहा पोलिसांवर खटला चालविला जावा. याउलट कानपूरजवळील बिकरू गावी जुलै २०२० मध्ये आठ पोलिसांची हत्या झाल्यानंतर मुख्य आरोपी विकास दुबे ताब्यात असताना मारला गेला, तेव्हा न्यायमूर्ती बी. एस. चौहान यांच्या आयोगाने पोलिसांच्या निवेदनाविरुद्ध पुरावा पुढे आला नाही असे म्हटले. मात्र स्थानिक पोलीस व महसुली अधिकाऱ्यांनी त्या गुंडाला वर्षानुवर्षे पाठीशी घातल्याचेही नमूद केले. चौकशीतून दोन्ही निष्पन्न होऊ शकते. ज्याचे नाणे खरे आहे, त्याला पारख्याची भीती असण्याचे कारण नाही.

बदलापूर प्रकरणातही उच्च न्यायालयाने घटनेनंतर दोनच दिवसांत साधे प्रश्न विचारले. गाडीतील चार पोलिसांना एक माणूस आवरता कसा आला नाही? गोळी हातापायावर न लागता डोक्यातच कशी लागली? जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने, वापरलेले बळ समर्थनीय नव्हते, असे सांगून पाच पोलिसांना जबाबदार धरले. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवून विशेष पथकामार्फत तपास करण्याचा आदेश दिला. चौकशी अहवाल म्हणजे दोषसिद्धी नव्हे. त्या पोलिसांनाही निर्दोषत्वाच्या गृहीतकाचा तोच लाभ मिळाला पाहिजे, जो गाडीतल्या आरोपीस मिळावयास हवा होता.

विलंबाची सबब

सर्वांत बळकट आक्षेप वेगळाच आहे. देशातील न्यायालयांत पाच कोटींच्या आसपास खटले पडून आहेत. २०२२ च्या अखेरीस देशातील कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कैदी अद्याप शिक्षा न झालेले, म्हणजे कच्चे, होते. साक्षीदार फितूर होतात, आरोपी जामिनावर सुटून तक्रारदाराच्याच दारावरून मिरवतो. मग सामान्य माणसाने गोळीचे स्वागत केले तर त्याचे काय चुकले? या प्रश्नातील वेदना खरी आहे. पण ज्या यंत्रणेवर आपला विश्वास नाही, तिच्याच एका शाखेला तपासी अधिकारी, न्यायाधीश आणि मारेकरी अशा तिन्ही खुर्च्या बहाल करणे, हा अविश्वासावरचा उपाय कसा होईल? खोटी तक्रार नोंदविणारा, लाच मागणारा, निरपराधाला गोवणारा पोलीस आपल्याला परिचित आहे. त्याच खात्याच्या हाती पिस्तूल देताना मात्र त्याचा नेम कधी चुकणार नाही, असे आपण गृहीत धरतो.

विलंब अटळ आहे, हेही खरे नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी, हाती केवळ लाठी असता, अजमल कसाबची बंदूक धरून ठेवली. गोळ्या अंगावर झेलून त्यांनी प्राण दिला, पण पकड सोडली नाही, आणि म्हणून तो जिवंत हाती लागला. सातारा जिल्ह्यातील केडंबे गावच्या या सुपुत्राला मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. त्या जिवंत आरोपीमुळे कटाचा पल्ला जगापुढे आला. त्याला वकील मिळाला. मे २०१० मध्ये शिक्षा झाली, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि त्या नोव्हेंबरात येरवड्यात तिची अंमलबजावणी झाली. मनुष्यबळ व इच्छाशक्ती एकत्र आली, तर सगळ्या पायऱ्या चढूनही चार वर्षांच्या आत निकाल लागतो. त्या रात्री कसाबला ठार मारणे पूर्णपणे कायदेशीर ठरले असते. तरीही त्याला जिवंत धरणाऱ्याचे शौर्य देशाने सर्वोच्च मानले, याचा अर्थ आपण समजून घेतला पाहिजे.

करावयाचे काय?

नवे कायदे करण्याची फारशी गरज नाही. २०१४ चा दंडक पुरेसा आहे : मिळालेल्या खबरीची आधी लेखी नोंद, मृत्यूनंतर गुन्ह्याची नोंद, तपास दुसऱ्या ठाण्याकडे वा गुन्हे अन्वेषण विभागाकडे, हत्यारे तपासणीसाठी जमा, शवविच्छेदन दोन डॉक्टरांकडून आणि चित्रीकरणासह, दंडाधिकाऱ्यांची चौकशी. त्याच्या पालनाचा अहवाल दर वर्षी विधिमंडळापुढे ठेवला जावा. पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिला. कैद्यांची ने-आण करणाऱ्या गाड्यांतही ते असावेत. प्रकाश सिंग प्रकरणातील २००६ च्या निवाड्यानुसार राज्यांनी नेमावयाच्या पोलीस तक्रार प्राधिकरणांना स्वतःचे तपासी मनुष्यबळ मिळावे. आणि पोलीस शिपायाला बारा-चौदा तासांच्या पाळ्यांतून सोडवून, अंगावर आलेल्या माणसाला न मारता कसे आवरावे, याचे नियमित शिक्षण द्यावे. हा खर्च आहे. पण तो टाळला की त्याची वसुली गरिबाच्या घरातून होते.

उरलेले काम आपले आहे. सरकारी कर्मचाऱ्यांना पंच म्हणून अनेकदा बोलावले जाते. न पाहिलेल्या गोष्टीवर सही न करणे, हे त्यांच्या हाती आहे. शिक्षकाने वर्गात शौर्याची उदाहरणे देताना ओंबळे यांचे नाव आधी घ्यावे. विद्यार्थ्यांनी चकमकीची बातमी वाचताना ‘किती मेले’ याआधी ‘धोका कोणता होता आणि तो केव्हा संपला’ हे विचारण्याची सवय लावून घ्यावी. पोलिसाच्या हातातील पिस्तूल आपणच दिलेले आहे, आपल्या करांतून आणि आपल्या नावाने. ते केव्हा व का चालले, याचा हिशेब मागणे हे पोलिसांशी वैर नव्हे. हा हिशेब मागणारे लोक उरले नाहीत, तर उद्या चुकीच्या माणसाला धरून नेले जाईल तेव्हा त्याच्या बाजूने तार पाठविणाराही कोणी उरणार नाही.